गंगेची ओटी

म्हाळसाबाईंना तळं कधी आवडलं नाही. उभी हयात मेंढरांमागं गोदाकाठानं चालण्यात गेली. पाणी म्हणजे पुढं जाणारं. नवरा मुंजाबा अजून कळप घेऊन तिकडंच फिरतो. त्या मात्र नातीसाठी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये अडकल्या. आदिनाथ आणि सून मोनिका दोघंही नोकरीवर. खालचा रस्ता वाहनांचा, म्हणून एकटीनं उतरायचं नाही अशी मुलाची ताकीद.

नात अंबिका चालायचं वय झालं तरी पाऊल टाकेना, तेव्हा म्हाळसाबाईंनी नवस बोलला: पोर चालली तर गंगेची ओटी भरीन. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. पोर चालू लागली. ओटी भरली की मुंजाबाकडं परत जायचं, असं ठरलं.

आदिनाथचा जीव तलावात. दर रविवारी तो हर्सूलला फिरायला जातो. तलाव जागचा हलत नाही, भरवशाचा, असं त्याचं म्हणणं. पैठणला गंगेवर जायला सवड नव्हती म्हणून त्यानं आईला हर्सूललाच नेलं. खण-नारळ पाण्यात सोडला. वाऱ्यानं नारळ परत काठाला आणून लावला. म्हाळसाबाई गाडीत जाऊन बसल्या.

ही ओटी पोचलीच नाही, हे त्यांनी घरी निक्षून सांगितलं. अखेर आदिनाथनं रजा काढली. पैठणला घाटावर उतरले तर वरच्या अंगाच्या धरणाची दारं बंद. पात्रात नुसती डबकी, वर शेवाळ. सोडलेला नारळ होता तिथंच डुलत राहिला.

"माय, मी आत उतरून ढकलू का?"

"ढकलायला ती काय बंद पडलेली जीप हाय? गंगेनं स्वतःहून नेलं पायजे."

"दारं उघडल्याबिगर नाय नेणार ती. अन् दारं उघडतेत धरण भरल्यावर."

"म्हंजी तुझ्या तळ्यानं सोडली तर माझी गंगा."

"तसंच हाय."

तेव्हापासून सकाळी पेपर आला की म्हाळसाबाई धरणातल्या साठ्याचा आकडा मोनिकाकडून वाचून घेऊ लागल्या. दारं उघडायच्या बेताला आकडा आला आणि पावसानं दडी मारली. कालव्याला पाणी सुटलं.

मुंजाबाचा फोन आला. कळप गंगाखेडकडं निघालाय, येतीस का, असं त्यानं विचारलं.

"नवस डोक्यावर ठेवून पोरीला कशी सोडू?"

"मंग धरण कुठवर आलं?"

"उतराय लागलंय," त्या म्हणाल्या. तिकडं मेंढरं ओरडत होती. मुंजाबानं निघतो म्हणून फोन ठेवला.