समुद्रावरचे काका

लग्न होऊन मी सांगलीहून विट्याला आले तेव्हा घरात आम्ही दोघीच असायचो, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी आणि हे कोचीनला. तिथं आमचं गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. विट्यात याचं कुणाला नवल नव्हतं. आमच्या गल्लीतले कितीतरी पुरुष असेच कुठल्यातरी लांबच्या शहरात भट्टीपुढं बसलेले असत आणि दिवाळीला नाहीतर जत्रेला घरी येत. मागं शेत, म्हशी आणि पोरं बायका बघायच्या.

मला माहेरी वाचायची सवय होती. सासरी दुपारची कामं उरकली की वेळ जाता जायचा नाही. नव्वद सालानंतरचे ते दिवस. घरात टीव्ही होता, पण दुपारी लाईट नसायची. एकदा धीर करून विचारलं, "आत्याबाई, वाचनालयात नाव घालू का?"

त्या शेंगा फोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "घाल की. पर जे आनशील ते मला बी वाचून दावायचं." त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती.

वाचनालयातल्या मोठ्यांच्या कपाटात बहुतेक सगळ्या रडक्या कादंबऱ्या. सासूपुढं सुनेच्या छळाची गोष्ट कशी वाचणार? म्हणून मी मुलांच्या कपाटाकडे वळले. तिथं कव्हरवर गलबताचं चित्र असलेलं एक जाडजूड, हाताळून मऊ झालेलं पुस्तक मिळालं. समुद्रावरच्या चाच्यांची गोष्ट होती. नोंद करताना ग्रंथपाल म्हणाले, "आहे मुलांचं, पण मी दोनदा वाचलंय. न्या बिनधास्त."

पहिल्याच पानावर आत्याबाईंनी मला थांबवलं. "चाचे म्हंजे कोन?"

"समुद्रावरचे दरोडेखोर."

"माझा फौजेतला भाऊ तर काकाला चाचा म्हनतोय."

मी समजावून सांगितलं, पण त्यांनी स्वतःचं सोडलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात चाच्यांचे काका झाले. "काल काका वादळात सापडलं हुतं, म्होरं वाच," असं त्या म्हणायच्या. शीड, सुकाणू, नांगर, डोलकाठी, सगळे शब्द त्यांनी नीट विचारून घेतले. नांगर पाण्यात टाकतात म्हटल्यावर मात्र बराच वेळ हसल्या.

आठवडाभरात शेजारच्या दोघी-तिघी आपापल्या शेंगांची सुपं घेऊन यायला लागल्या. शाळा सुटली की पोरंही टेकायची. लढाई आली की पोरं पुढं सरकायची आणि म्हाताऱ्या गलबतावरच्या आचाऱ्याची काळजी करायच्या, एवढ्या माणसांना तो बिचारा काय रांधून घालत असेल म्हणून.

असंच एकदा कप्तानाला सोन्याची पेटी सापडली. तेवढ्यात आत्याबाईंनी विचारलं, "ह्यांच्या घरी बायका-पोरं न्हाईत व्हय?"

"असतील. पुस्तकात नाही दिलं."

"म्हंजे आपल्या गलाईवाल्यांगतच. मानसं तिकडं, सोनं तिकडं. हिकडचं कोन लिवतंय?"

आमटीत मीठ कमी झालंय असं सांगावं, तशा सुरात त्या हे बोलल्या. मग शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आपुनच सांगू की. त्या कप्तानाची बायको काय करत आसंल?"

तिथून वाचनाची रीतच बदलली. मी एक प्रकरण वाचायची आणि मग त्या सगळ्या मिळून घरची बाजू सांगायच्या. कप्तानाच्या बायकोची म्हैस व्याली. पावसात तिचं पत्र्याचं छप्पर उडालं, ते तिनं दिराला न विचारता दुरुस्त करून घेतलं. नवऱ्याचा निरोप येईना, तर ती रडली का? यावर जोरात वाद झाला. आत्याबाई म्हणाल्या, "रडली आसंल, पर धारा काढून झाल्यावर." ते सगळ्यांना पटलं. पुस्तकाचा शेवट झाला तेव्हा त्या बाईनं विहीर खोदून ऊस लावला होता, आणि सोनं घेऊन परत आलेल्या कप्तानाला ती पहिल्यांदा ऊस दाखवायला घेऊन गेली.

त्या उन्हाळ्यात यांनी आम्हा दोघींना कोचीनला बोलावून घेतलं. दुकान बोळात होतं, वर राहायची खोली. दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी मामंजींना सांगितलं, "आवं, मला नावंत बसायचंय."

मामंजी आयुष्यभर त्या शहरात राहिले होते, पण खोली आणि भट्टी सोडून फारसे कुठं गेले नव्हते. ते म्हणाले, "पान्यात कशाला जायचं? हितनंच बघ की."

"हितनं बघायला म्या विट्यावरनं आले व्हय?"

आम्ही चौघं पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटीत बसलो. बोट हलली तसे मामंजींनी बाक घट्ट धरला आणि डोळे मिटले. आत्याबाई कडेला जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडाला, तो त्यांनी कमरेला खोचला. लांब नांगरून पडलेल्या मोठ्या जहाजांकडे बोट दाखवून त्या मामंजींना समजावत होत्या, सुकाणू मागं असतं, आणि ते तसं का असतं. मामंजींनी हळूच एक डोळा उघडला. "हे तुला कुनी सांगितलं?"

"पुस्तकात हाय. सूनबाई वाचती, आमी ऐकतो."

परतताना त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले होते.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मामंजी भिंतीला टेकून बसले. माझ्याशी ते एरवी कामापुरतंच बोलायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "ते पुस्तक आनलंस का संगं?"

आणलं होतं. गल्लीतल्या पोरांनी चार वेळा वाचायला लावलं म्हणून ग्रंथपालांनी ते सुट्टीभर ठेवून घ्यायला सांगितलं होतं. मी पिशवीतून काढलं. आत्याबाई लगेच सांगायला लागल्या की कप्तान कसा वादळात सापडतो.

"मधनंच सांगू नगं," मामंजी म्हणाले. "पयल्यापास्नं वाच, पोरी."

हे दिव्याजवळ सरकले, आत्याबाईंनी मला जागा करून दिली आणि मी पहिलं पान उघडलं.