क्लॅरन्स म्यूजची चाल

क्लॅरन्स म्यूज हॅलिफॅक्सच्या आमच्या इस्पितळात पहिल्यांदा आला तेव्हा कठडा धरून का होईना, स्वतःच्या पायांनी जिना चढून आला होता. मेंदूविकार विभागात शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांचं वेळापत्रक मी सांभाळायचे. दर मे महिन्यात त्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तालीम असे, आणि तिच्यासाठी खरे पेशंट गोळा करणं माझ्याकडे होतं.

तो दूरच्या किनाऱ्यावरच्या यारमथकडचा, लॉबस्टर पकडणारा कोळी. वय सेहेचाळीस. धक्क्यावर झोकांड्या खातो म्हणून गावाने त्याला दारुडा ठरवलं होतं. पाद्रीबाबांनी एकदा बाजूला घेऊन समजावलंही होतं. क्लॅरन्स थेंबभरही घेत नसे. लहान मेंदू हळूहळू झिजवत जाणारा, घराण्यात चालत आलेला आजार आहे, हे कळायला सहा वर्षं गेली. तोवर बोट विकली गेली होती आणि बायकोही सोडून गेली होती. औषध नव्हतंच.

"मला कुणी नीट बघितलंच नाही," तो मला म्हणाला. "या पोरांना बघू दे. पुढच्याची तरी सहा वर्षं वाचतील."

त्या वर्षी आठ जणांनी त्याला तपासलं. दोघांनी ओळखलं.

मग तो दर वर्षी येऊ लागला. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, गाडी चालवायला मुलगी यव्हेट. ती सुरुवातीला एकोणीस वर्षांची होती. आजार तिच्यात उतरण्याची शक्यता निम्मी होती. तिने रक्ताची तपासणी करून घेतली नव्हती. "कळून करायचं काय?" एवढंच ती म्हणायची. पुढे तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी मे महिन्यात बापाला आणायची तीच.

तपासणी संपली की क्लॅरन्स परीक्षकांच्या आधी बोलायचा. "माझे गुडघे ठोकलेस ते ठीक, पण मला चालवून कोण बघणार, तुझा मामा?" पोरं लाजायची, पण शिकायची. वर्षं गेली तशी काठी आली, मग चाकाची खुर्ची आली, जीभ जड झाली. तेराव्या वर्षी सगळ्यांनी त्याला दारातूनच ओळखलं.

"आता माझा पेपर फारच सोपा झाला," तो मला म्हणाला. हसला नाही.

त्याच्या हाताखाली सगळ्यात जास्त शिकली ती हेदर मॅकायझॅक. केप ब्रेटनची मुलगी, कामाला हळू, पण चिवट. तिच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षी तिने त्याला विचारलं होतं, "रोज किती घेता?"

क्लॅरन्स म्हणाला, "इकडे ये, पोरी. बोट धर माझ्यासमोर. हलव. आता माझे डोळे बघ. सरळ सरकतात का? अडखळतात ना? माणूस दारातून आत आला की बघायला लाग. तो बसेपर्यंत तुझं निम्मं काम झालं पाहिजे."

हेदरने ते मनावर घेतलं. तिच्या तिसऱ्या वर्षापर्यंत परीक्षकही तिचं मत विचारू लागले होते.

क्लॅरन्सच्या येण्याच्या चौदाव्या वर्षी यव्हेट त्याची खुर्ची ढकलत आत आली. त्याच्या मांडीवरची शाल खाली पडली. ती उचलायला यव्हेट वाकली, उठताना किंचित कलली आणि तिने भिंतीला हात लावला. मग तिने बापाकडून हेदरकडे नजर वळवली. मी वेळ मोजायचं घड्याळ घेऊन कोपऱ्यात बसले होते. मला काहीच दिसलं नाही. हेदर मात्र यव्हेटच्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

आणि क्लॅरन्स हेदरकडे बघत होता.

"यव्हेट, मला कॉफी आणतेस?" तो म्हणाला. ती गेली. "काय दिसलं?"

"मिस्टर म्यूज, मी तुम्हाला तपासायला आलेय."

"तुला बघायला मी शिकवलंय. सांग."

"ते मी फक्त तिलाच सांगू शकते," हेदर म्हणाली. "तिने विचारलं तरच."

"बरोबर उत्तर," क्लॅरन्स म्हणाला. "पैकीच्या पैकी." मग अडखळत म्हणाला, "नाताळात जिन्यावर तिची पायरी चुकली. मी म्हटलं, नवे बूट असतील."

त्याने डोळे पुसायला हात उचलला. तो गालाला लागला, कानाकडे गेला, पण डोळ्यापर्यंत पोचला नाही. हेदरने कागदी रुमालाने त्याचे डोळे पुसले. त्या दिवशी त्याची तपासणी झाली नाही.

पुढचं यव्हेटने मला फोनवर सांगितलं. परतीच्या वाटेवर बाबा एक अक्षर बोलले नाहीत, त्यावरूनच ती समजली. शरद ऋतूत तिने तपासणीसाठी रक्त दिलं. आजार होता. आता मुलींचा प्रश्न होता. थोरली आठ वर्षांची, धाकटी पाच.

हेदर पहिल्या नंबराने पास झाली आणि दूर पश्चिमेला कॅल्गरीला गेली. तिच्या नवऱ्याची नोकरी तिकडे होती. क्लॅरन्सने चौदा वर्षांत साठेक डॉक्टर शिकवले. त्यांतला एकही यारमथकडे काम करायला गेला नाही. यव्हेटला मेंदूविकार तज्ज्ञाची तारीख सोळा महिन्यांनंतरची मिळाली.

फेब्रुवारीत क्लॅरन्स न्यूमोनियाने गेला. मी हेदरला कळवलं.

"मुलीने विचारलं का कधी?" तिने विचारलं.

"तपासणी करून घेतली तिने. आहे."

"मी त्या दिवशी तिच्याकडे न बघता खाली बघायला हवं होतं. त्याला कळलं नसतं," ती म्हणाली.

"जाईपर्यंतचे नऊ महिने त्याला कळलं नसतं, एवढंच. आणखी काय बदललं असतं?" मी म्हटलं.

त्या मे महिन्यात त्याच्या जागी मला दुसरा पेशंट मिळाला नाही. यव्हेटला विचारावं असं माझ्या वरिष्ठांनी सुचवलं. मी फोन केला नाही.

ती तिच्या तारखेला आली, बसने. गाडी चालवणं तिने सोडलं होतं. माझ्या दारावरून जाताना मला दिसली. एक हात भिंतीवर होता. मी उठून बाहेर जाईपर्यंत ती तपासणीच्या खोलीत गेली होती. पंचवीस मिनिटांनी बाहेर आली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"वर्षाने या म्हणाले," यव्हेट म्हणाली, आणि बस कुठून सुटते ते विचारू लागली.