घोरण्यावरचं औषध

थोरलीच्या वेळी बायको गरोदर होती आणि हाल माझे झाले, असं मी बरीच वर्षं सांगत असे. (आता सांगत नाही.)

ऐंशी सालच्या आसपास मी निपाणीत शाळामास्तर होतो. सुमनला सातवा लागला आणि ती घोरायला लागली. शेजारचे आप्पा सकाळी विचारायचे, "गुऱ्हाळ कवा लावलासा, मास्तर?" मी कानात कापूस घातला, मग स्वयंपाकघरात अंथरूण नेलं. तरी पाचवीच्या वर्गात शुद्धलेखन सांगता सांगता मला डुलकी लागली आणि पोरं अख्खा तास एकाच वाक्यावर थांबली.

सुमनही दिवसा पेंगायची. तांदूळ निवडताना तिची मान सुपात जायची. डोकं ठणकतं, जोडवी रुततात, म्हणायची. आईचं म्हणणं, पहिलटकरीण आहे, अंग भरतंय. मला ते पटलं, कारण पटवून घेण्यात कष्ट कमी होते.

शेवटी मी एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि घोरण्यावर काही थेंब मागितले. थेंब राहिले बाजूला, त्यांनी सुमनला लगेच आणायला सांगितलं. आणल्यावर तिच्या दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला, पुन्हा बांधला. पाय दाबला, तर बोट उचललं तरी खळगा तसाच.

"घोरताना मध्येच श्वास थांबतो काय हो हिचा?"

"थांबतो की," मी म्हणालो. "तेवढ्यातच माझा जरा डोळा लागतो."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. सुमननंही पाहिलं.

रक्तदाब फार चढला होता. आणखी आठवडाभर असंच काढलं असतं तर दोन्ही जिवांचं अवघड होतं, असं बाईंनी शांतपणे सांगितलं आणि त्याच दिवशी आम्हाला बेळगावच्या दवाखान्यात धाडलं. एसटीत मी तिचे श्वास मोजत बसलो.

पुढचे पाच आठवडे ती डाव्या कुशीवर आणि मी शेजारच्या बाकावर. श्वास अडकला की हलवून जागं करायचं, एवढंच काम माझ्याकडं होतं. धास्तीनं मी ती नीट श्वास घेत असतानाही हलवायचो.

"अहो, वाईच झोपू द्या की," ती म्हणायची. "जिवंत हाय मी."

पोर झाली चिमणीएवढी, पण रडली खणखणीत. सुमनचा रक्तदाबही हळूहळू उतरला.

आता आमच्या घरात कुणाला बरं वाटेनासं झालं, की आधी शेजाऱ्यांना सांगतात, मग डॉक्टरांना. मला कळतं ते बरं झाल्यावर!