सिद्ध न केलेली ओळ

रेवा, ईशान — हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या आजोबांनाही नाही. आजच का? कारण काल माझी दुरुस्ती छापून आली, आणि शाहपुऱ्याच्या तळ्याला चक्कर मारून आले तरी माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत.

आजीचं एक प्रमेय आहे, असं तुम्ही मित्रांना सांगता ना? ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि त्या रेषा किती रंगांत रंगवता येतील — जगभरची माणसं अजून यात डोकं घालून बसली आहेत. त्यातला एक कोपरा मी सोडवला, असं सगळे धरून चालले.

पण माझ्या सिद्धतेत एका जागी लिहिलं आहे, 'हे उघडच आहे.' ते उघड नव्हतं. मला ते सिद्ध करता येत नव्हतं. आणि 'उघड आहे' म्हटल्यावर कोण हात वर करतो?

एकीने केला. वैशाली — माझी विद्यार्थिनी, वडील नागपूरहून सरकारी नोकरीत आपल्या या शहरात आलेले. भर वर्गात म्हणाली, "मॅडम, ही स्टेप मला जमतच नाहीये. कुछ छूट रहा है का?"

मी म्हणाले, "एवढंही दिसत नसेल तर बाई, एम. पी. नगरात कोचिंग घे."

सगळे हसले. तीही हसली — आणि संशोधन सोडून खरोखरच तिकडे गेली, शिकवायला. तिचं बरोबर होतं, हे मला बोलतानाच ठाऊक होतं. मुळात सांगायचं होतं ते हे. ती ओळ त्यापुढे लहान.

निवृत्तीनंतर मी पुन्हा त्या ओळीच्याच मागे लागले. या हिवाळ्यात, पोळ्या गार होत असताना, कागदावर ठिपके-रेषांचं एक वेडंवाकडं जाळं उतरलं — आणि त्यात ती ओळ चक्क खोटी ठरली. स्वतःचंच प्रमेय पाडून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. असा आनंद ते छापून आलं तेव्हाही झाला नव्हता. शंका प्रथम वैशालीने काढली होती, हे दुरुस्तीत तिच्या नावानिशी लिहिलं.

मग तिला फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या क्लासमध्ये 'उघड आहे' लिहिलं की मी मार्क काटते."

माफ केलंस का, हे मी विचारलं नाही.

तो कोपरा आता पुन्हा अनुत्तरित आहे. मात्र ज्या जाळ्यांत विषम संख्येच्या रेषांचं बंद कडं नाही, त्यांच्यापुरतं माझं प्रमेय टिकलं आहे, आणि तेवढ्याची प्रत्येक ओळ सिद्ध आहे.