व्यवसायाचा रकाना

फॉर्म वाचायच्या आधी मी माणसाचं मनगट बघायची. घड्याळ कसलं आहे, बोटात अंगठी आहे का, चपला नव्या आहेत का, आणि मग उत्पन्नाचा आकडा. मुलुंडच्या एका कॉलेजात मी क्लार्क होते. गरीब घरच्या मुलांना फी माफ करणारी सरकारी सवलत होती, तिला सगळे ईबीसी म्हणायचे, आणि ते टेबल माझ्याकडे होतं. तीन-चार वर्षं ते टेबल सांभाळलं की कोणाचीही नजर अशीच होते. एक गृहस्थ 'हातगाडीवाला' लिहून फॉर्म देऊन गेले. पुढच्याच आठवड्यात मी साडीला फॉल लावायला एका दुकानात गेले, तर गल्ल्यावर हेच! आत तीन नोकर. मला बघून त्यांनी लगबगीने चहा मागवला. मी चहा प्याले आणि सोमवारी साहेबांना सांगून त्यांचा फॉर्म रद्द करायला लावला. "बाई जाम खत्रूड आहे," असं मुलं माझ्यामागे म्हणायची. मला ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

पण ज्यांना खरंच गरज असायची त्यांना धड फॉर्म भरता यायचा नाही. म्हणून रविवारी सकाळी भांडुपला माझ्या घरी आईबाप यायचे. मी फॉर्म भरून द्यायची. शिवाय एका जाड वहीत पेपरातली कात्रणं चिकटवून ठेवली होती, कुठला ट्रस्ट पुस्तकं देतो, कुठला वसतिगृहाचा खर्च उचलतो, त्यांची. एक नियम मात्र होता. सहीच्या आधी खालची छापील ओळ मी मोठ्याने वाचून दाखवायची: 'वरील माहिती खोटी आढळल्यास सवलत रद्द होईल व मी शिक्षेस पात्र राहीन.' वाचताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. खोटारडा तिथे हमखास पाणी मागतो.

जुलैतल्या एका रविवारी मागच्या चाळीतले एक मालवणी गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते मला चेहऱ्याने ओळखीचे होते. रोज सकाळी स्टेशनच्या वाटेवर दिसायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात स्टीलचा डबा. मुलीला दहावीला गणितात झकास मार्क होते आणि सायन्सला प्रवेश मिळाला होता. सवलत मिळाली नाही तर कॉलेज सोडायचं आणि कांजूरला औषधाच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायचं, हे घरात ठरलेलं. तिथली जागा एका शेजारणीने बोलून ठेवली होती.

वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मुलीने लिहिलं होतं, 'गिरणी कामगार'. उत्पन्नाचा रकाना कोरा.

"पगार किती?" मी विचारलं.

"नाय."

"नाय म्हणजे?"

"संप चालू हा मा, बाय."

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. चालू कुठला! माणसं कधीच पांगली होती, कोणी भाजी विकत होतं, कोणी गावी गेलं होतं. "मग 'बेकार' लिहा," मी म्हटलं, आणि 'गिरणी कामगार'वर काट मारायला पेन टेकवलं. त्यांनी झटकन फॉर्म ओढून घेतला.

"ह्यो कागद खय जाता?"

"कॉलेजात. मग सरकारी ऑफिसात."

"गिरणीच्या हापिसात जाणा नाय?"

माझं डोकंच फिरलं. रविवारची सकाळ, मी फुकट राबतेय, आणि हा माणूस माझ्याचकडे संशयाने बघतोय! मी म्हटलं, "अहो, गिरणीवाल्यांना काय करायचाय तुमच्या मुलीचा फॉर्म?" ते हळूच म्हणाले, बेकार म्हणून सही केली की मस्टरवरून नाव कटलंच समजा, मग गिरणीवाले म्हणायला मोकळे की हा माणूस आपणहून सोडून गेला. सही न करताच फॉर्म घडी करून ते उठले.

मला त्यातलं एक अक्षर पटलं नाही. बेकार माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन जातो कुठे? दुसरीकडे नक्की नोकरी लागली असणार. तो पगार लपवायचाय, म्हणून ही नाटकं. दुसऱ्या दिवशी मुलगी तोच बिनसहीचा फॉर्म घेऊन ऑफिसात आली तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, बाबा सकाळी कुठे जातात?"

"कामावर," ती म्हणाली, आणि लगेच तिची नजर वळली. खाली बघायला लागली.

सापडली! मला केवढा आनंद झाला, आज आठवलं तरी स्वतःची शरम वाटते. सोळा वर्षांची पोर समोर उभी, आणि मला चोर पकडल्याचा आनंद. मी तिचं नाव अर्जांच्या यादीत सर्वांत खाली लिहिलं आणि पुढे 'चौकशी' असं लिहून ठेवलं.

चौकशी कोण करणार? मीच. लालबागला एका ट्रस्टचे फॉर्म आणायचे होते, त्या निमित्ताने मी, चाळीत नाव विचारून, त्यांच्या गिरणीवरून गेले. निमित्त कसलं डोंबलाचं, मुद्दाम वाकडी वाट करून गेले. गेट बंद होतं, आत दरवान. समोरच्या फुटपाथवर तिघे-चौघे बसले होते आणि त्यांत ते होते, पांढऱ्या शर्टात, डबा मांडीवर. मला बघून ते उठून उभे राहिले, शाळेत बाई आल्यावर उठतात तसे.

"तुम्ही इथे काय करता?" मी विचारलं. आवाज चढलेलाच होता.

"हजेरी," ते म्हणाले. "पाळीच्या वेळेक येतंय, पाळी सुटली की जातंय. आतसून कोण तरी बघता. उद्या म्हणूक नको, ह्यो येय नव्हतो."

वर्षभर. एक दिवस न चुकवता. बरोबरचे तिघे हसले, पण थट्टेने नाही. मी ट्रस्टमध्ये गेलेच नाही, तशीच परत फिरले. कपाळ माझं, आणि माझी ती मनगटं बघायची सवय!

त्या दिवसापासून मी त्यांच्या फॉर्मच्या मागे लागले. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी स्वतः केला: 'मी गिरणी कामगार असून संपामुळे सध्या मला पगार मिळत नाही.' शब्द न् शब्द खरा, आणि त्यांनाही मान्य. शेवटच्या तारखेला त्यांना आणि मुलीला घेऊन मी तहसील कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने एकदा वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"गिरणी कामगार आहे तर गिरणीचा पगाराचा दाखला आणा. पगार नाही, तर कामगार कसला? बेकार लिहा."

"पण साहेब, संप..."

"मॅडम, बेकार लिहा नाहीतर उद्या या. उद्या मुदत संपलेली असेल, ते तुमचं तुम्ही बघा."

तो मुद्दाम छळतोय असा मला संशय आला, पण त्याचा चेहरा नुसता कंटाळलेला होता. मी वडिलांकडे बघितलं. ते मुलीकडे बघत होते, आणि मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"बाय, ह्यो कागद गिरणीत जावचो नाय मा?"

"नाही जाणार. माझी जबाबदारी," मी ठासून सांगितलं. मला काय ठाऊक होतं? काही नाही. कागद कुठे कुठे फिरतात ते मलाही माहीत नव्हतं.

मग मी नवा कागद लिहिला. 'मी बेकार आहे.' आणि सवयीने, निव्वळ सवयीने, खालची ओळही मोठ्याने वाचली, खोटी आढळल्यास सवलत रद्द होईल, वगैरे. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. पेन घट्ट धरून सावकाश सही केली आणि पेन टोपण लावून मला परत दिलं.

महिनाभराने, एका शनिवारी, मंजुरीची यादी आली. तिचं नाव होतं. मी अगदी खुशीत होते. सोमवारी सकाळी निघताना मुद्दाम मागच्या चाळीवरून गेले, म्हटलं आपणच बातमी द्यावी. ते बनियनवर दारात बसले होते. पांढरा शर्ट आत खुंटीला दिसत होता.

"आज गेला नाहीत?"

"आता कित्याक जांव? कधीपासून जाणंय नाय. बेकार म्हणान लिवन दिलंय मा." खरंच, महिनाभर ते मला स्टेशनच्या वाटेवर दिसले नव्हते, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"अहो, तो कागद वेगळा! गिरणीला त्याचा पत्ताही नाही. तुम्ही खुशाल जा, बसा तिथे."

त्यांनी मलाच समजावलं, रागाचा लवलेश नाही. "तुमीच वाचून दाखवलात, खोटा आढळला तर सवलत रद्द. मी थय बसलेलो कोणी बघितल्यान तर? तुमी इलात, तसो आणखी कोण तरी येतलो."

आतून मुलगी बाहेर आली, कॉलेजला निघालेली. तो स्टीलचा डबा तिच्या हातात होता. आम्ही दोघी स्टेशनपर्यंत बरोबर चाललो. मंजुरीचं मी तिला काहीच सांगितलं नाही, तिला ते नोटीस बोर्डावर वाचून कळलं.