आईची चार वाक्यं

माझी आई एकदा टीव्हीवर आली होती. हे मी जन्मभर इतक्या लोकांना सांगितलंय, की मी नुसता घसा खाकरला तरी एसटीतले माझे सोबती म्हणायचे, "आली बघ याची आई टीव्हीवर." मी शहापूर-मुरबाड रस्त्यावर कंडक्टर होतो. गुडघ्यांनी वेळेआधीच घरी बसवलं. आता टवाळी करायला ते सोबतीही उरले नाहीत, म्हणून लिहून काढतोय.

टीव्ही तेव्हा नुकता रंगीत झाला होता. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, म्हशापासून पायी जाण्याच्या अंतरावर. शाळेच्या गुरुजींना नाटकाचं भारी वेड. बाईचं काम बाईनंच करायचं असा त्यांचा हट्ट, आणि त्यापायी त्यांनी घरोघरी जाऊन नवऱ्यांच्या विनवण्या केल्या. आईच्या वाट्याला सासूचं काम आलं. एका हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेतले बैल टिपायला मुंबईहून टीव्हीची माणसं आली, त्यांना कुणीतरी नाटकाचं सांगितलं, आणि बैलांसाठी आलेली माणसं आमच्या आयांना घेऊन गेली. स्टुडिओत नाटक पुन्हा उभं राहिलं. आमच्यासारखं बोललं तर शहरात कळणार नाही म्हणून त्यांनी सगळ्यांची भाषा धुऊन इस्त्री करून घेतली.

आईला वाक्यं होती चार. पहिलं, "सूनबाई, इतका वेळ कुठे होतीस?" पुढे कित्येक वर्षं आमच्या विहिरीवर एखादी बाई उशिरा आली, की बाकीच्या कमरेवर हात ठेवून हेच वाक्य तिला त्याच इस्त्रीच्या भाषेत ऐकवायच्या. उरलेली तीनही मला पाठ आहेत.

नाटक लागलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. गावात एकच टीव्ही, भाताच्या गिरणीवाल्यानं अंगणात मांडलेला, तोही काळापांढरा. रंगीत दिसावं म्हणून त्यानं काचेवर प्लास्टिकचा कागद लावला होता, वर निळा, मध्ये केशरी, खाली हिरवा. रंगीत नाटकात आमची आई, आणि आम्ही तिला बघितली ती निळ्या कपाळाची. तेवढं कपाळ मला आठवतं. नाटक पुन्हा कधी लागलं नाही. दोन वर्षांनी आई काविळीनं गेली.

माझी बायको वारली त्याला आता दोन पावसाळे झाले. मुलगी नाशिकला असते, रोज फोन करते, जेवलात का विचारते. मी हो म्हणतो. घरात टीव्ही दिवसभर चालू असतो, कारण तो बंद केला की फ्रिजचा आवाज ऐकू येतो आणि तो मला सहन होत नाही. बायको बाजारातून उशिरा आली की मी दारातच तिला म्हणायचो, "सूनबाई, इतका वेळ कुठे होतीस?" ती पिशवी माझ्या हातात आदळायची. एका संध्याकाळी भाताचं पातेलं उतरवताना हे वाक्य उगाचच तोंडून आलं. मग वाटलं, आई हे कशी म्हणायची? मी आठवायला गेलो, तर काही नाही. बारीक आवाज होता की जाड, तेसुद्धा नाही. शब्द सगळे जागच्या जागी, आणि आवाज साफ गेलेला. भात तसाच राहिला. मी पार घाबरून गेलो होतो.

आईचा आवाज जगात दुसरीकडे कुठे असणार? तेव्हा मोबाइल नव्हते, आमच्यात कुणाच्या लग्नाची फिल्म निघत नव्हती. असलाच तर त्या नाटकात. मी मुंबईला टीव्हीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी बसवलं, नाटकाचं नाव तीनदा विचारून घेतलं, आत जाऊन बराच वेळ शोधलं. बाहेर आल्या तेव्हाच त्यांच्या तोंडावरून कळलं. म्हणाल्या, त्या काळच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या जायच्या, सगळीकडेच तसं चालायचं. "कुणी जवळचं होतं का त्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, सहज." कशाला खोटं बोललो कोण जाणे. अनोळखी माणसापुढे रडू येईल म्हणून असेल.

गुरुजी कधीच गेले. नाटकातल्या माणसांपैकी शोधून काढली ती एकच, जिनं सुनेचं काम केलं होतं ती. लग्न होऊन ती डोळखांबकडे गेली होती. मी गेलो तेव्हा अंगणात गोणपाटावर वालाच्या शेंगा वाळत होत्या आणि ती त्यांच्या शेजारी पाय पसरून बसली होती. ओळख सांगितल्यावर मला आधी चहा मिळाला, मग अख्खं नाटक ऐकायला मिळालं. अख्खं म्हणजे तिचं. ती कशी उभी राहिली, तिचा घडा कसा खरा होता आणि पाणी मात्र नव्हतं, टीव्हीच्या साहेबानं तिचं कसं कौतुक केलं. दुपार कलली तरी माझी आई काही स्टेजवर येईना.

"मावशी, माझ्या आईचं काय?" मी शेवटी विचारलं.

"तुजी आई?" ती हसायलाच लागली. "अरे, तिनं तर साहेबाला पार वेडा केला! आत आली नि गपचीप उभी. बोलंच ना. साहेब म्हनतो, बाई बोला. ही उभीच. मग मीच त्यास्नी सांगितला, साहेब, ती वरडायची वाट बघते."

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे गावच्या नाटकात गावचं माणूस स्टेजवर आलं, की लोकांनी गप्प बसणं हा त्याचा अपमान. वहिनी, काकी, मामा, जे नातं असेल त्या नात्यानं हाका मारायच्या, शिट्ट्या घालायच्या. त्या माणसानं नाटक बाजूला ठेवून लोकांना हात जोडायचे, मगच ओरडणं थांबतं आणि मगच पहिलं वाक्य. राजा असो नाहीतर दरोडेखोर, आधी हात जोडणार. आई स्टुडिओत त्याच हाकांसाठी थांबली होती. तिथे कोण तिला काकी म्हणणार? मोठाल्या दिव्यांखाली, एकही ओळखीचं माणूस नसताना ती तशी उभी असेल, हे मनात आलं आणि मला चहा गोड लागेना.

"मंग बोलली रे ती," म्हातारी म्हणाली, "पन डोळं भरलं व्हतं तिचं. आपल्याला कोनी वळखलाच नाय म्हनून."

आवाज कसा होता विचारलं, तर तिला सांगता येईना. "बाईसारका बाईचा," एवढंच म्हणाली. पण मी निघताना तिनं एक गोष्ट सांगितली, आणि त्यासाठी मी तिचे सगळे कौतुकाचे प्रसंग पुन्हा ऐकले असते. नाटक लागलं त्या संध्याकाळी आमच्या भजनीबुवानं आपला टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर मांडला होता.

बुवांकडे तो टेपरेकॉर्डर होताच. रेडिओवर चांगली चाल लागली की ते टिपून घ्यायचे आणि गणपतीत आमच्याकडून घोटून घ्यायचे. बुवा आता खर्डीला मुलाकडे राहतात. मी गेलो, तर ओटीवर एकटेच बसलेले, अंगात स्वेटर, कानाला अजिबात ऐकू येत नाही. मी मोठ्यानं ओरडलो, मग आणखी मोठ्यानं. शेवटी मी उठून, पदर घेतल्यासारखा हात डोक्यावरून फिरवला आणि कमरेवर हात ठेवून सासूसारखा उभा राहिलो. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. बुवांच्या सुनेनं दारातून बघितलं आणि ती आत निघून गेली.

बुवांना मात्र लख्ख कळलं. कॉटखालून त्यांनी पत्र्याची पेटी ओढायला लावली. कॅसेटी भजनांच्या, एकीवरही काही लिहिलेलं नाही. त्यांनी एकेक उचलून पाठीमागच्या कडेवरून अंगठा फिरवला. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिथले दोन चिमुकले तुकडे मोडून टाकायचे असतात, हे जुन्या लोकांना आठवत असेल. एका कॅसेटपाशी अंगठा थांबला.

"हीच एक मोडलेली," ते म्हणाले. "गावची बाई टीवीत आली, त्याच्यावर कोन भजन घेनार? साफ आवाज आलाय बघ. मी सोता बसलो व्हतो बाजूला."

परत देतो असं खुणेनं सांगितलं, तर त्यांनी कानाकडे बोट करून नको म्हटलं. मी त्यांच्या पाया पडलो.

माझ्या लग्नात आलेला टू-इन-वन माळ्यावर होता. त्याचा आतला रबरी पट्टा विरघळून चिकट झाला होता, तो बदलून आणायला काही दिवस गेले. ते दिवस चांगले गेले, खरं सांगतो. घरात कुणीतरी यायचंय असं वाटत होतं. मी ओटा पुसला, गादीवरची चादर बदलली.

एका दुपारी टीव्ही बंद केला आणि कॅसेट लावली. वायर आखूड, त्यामुळे टेप ओट्यावर आणि मी त्याच्या तोंडाशी कान नेऊन उभा.

आधी नुसतं खसखसणं. मग कुत्रं. मग गिरणीवाला, "फिरव रे आन्टेना! अजून! अरे बस बस बस, गेला परत!" मग छपरावरून एका पोराचा आवाज, मग कुणाचा तरी खोकला, आणि एकाएकी गुरुजींनी लिहिलेलं नाटक सुरू झालं. सून बोलली. म्हातारी स्वतःचं कौतुक करते ते उगाच नाही, छान बोलली होती. मला पुढचं पाठ होतं. घडा ठेवल्याचा आवाज झाला. आता दार, आणि आता आई.

आणि अख्खं अंगण उठलं. "आली, आली गो!" "काकी! ओ काकी!" "अगो वैनी, हिकडं बघ!" शिट्ट्या, टाळ्या, कुणी पत्रा बडवतोय. मला वाटलं, आत्ता थांबतील. थांबेनात. स्टेजवरचं माणूस हात जोडतं, टीव्हीतलं कसं जोडणार? तिनं वळून बघितलंच नाही, म्हणून ते आणखी जोरात हाका मारत होते. तिला वाईट वाटू नये म्हणून जीव तोडून ओरडत होते. स्टुडिओत ज्या हाकांसाठी ती डोळे भरून थांबली होती, त्या सगळ्या इथे होत्या, आणि त्यांच्याखाली तिची चारही वाक्यं बुडून गेली. एक अक्षर कळलं नाही. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग मी ओरडलो, "अरे गप्प बसा की!" त्या अंगणातली बहुतेक माणसं मरून गेलीत, आणि मी शहापूरच्या एका स्वयंपाकघरात भरदुपारी त्यांच्यावर ओरडत होतो.

टेप चालूच होती. ती बंद करायचंही सुचलं नाही. सासूचा प्रवेश संपला तसं अंगण हळूहळू निवलं. सून पुन्हा काहीतरी बोलायला लागली. तेवढ्यात टेपच्या अगदी जवळ एक पोरगं बोललं, शेंबड्या नाकातून. "आता परत कधी येनार ती?"

तो मी होतो.

आणि माझ्या मागून, इतक्या जवळून की मान वळवली तर दिसेल, एक बाई हसली. किंचित घोगरा आवाज, शेवटी वर जाणारा. ऐकल्याबरोबर मला तो सगळा आठवला, तापात डोक्यावर हात ठेवतानाचा, चुलीपाशी गुणगुणतानाचा, विहिरीवरून हाक मारतानाचा. इस्त्रीची भाषा नाही, आमची.

"कोन ती? हितं हाय ना मी," आई म्हणाली. "बस रे खाली. मागल्यास्नी दिसत नाय."

मी बसलो. गुडघे कुरकुरले, तरी तिथेच ओट्याखाली फरशीवर बसलो, आणि नाटक संपेपर्यंत उठलो नाही.