कोऱ्या बंदुकीचा पयला बार

मुखरूभाऊ आमच्या घरी आले का दारातच उकिडवे बसत. खाट टाकली तरी वर बसत नोते. "मी इथीच बरा, वयनी," म्हनत.

आधी असे नोते. पिकाच्या राखनीसाठी बंदुकीचं लायसन गावात त्यायच्याचकडं होतं. बापाची जुनी बंदूक, दस्त्याले तार गुंडाळलेली. लोक म्हनत, "भाऊ, डुक्कर राहू द्या, तुमीच जपा." मंग भाऊनं चांद्याहून कोरी बंदूक आनली. आमच्या मालकानं म्हनलं, एक बार काढून तं पाहा. भाऊ म्हनाले, "दसऱ्याची पूजा झाल्याबिगर कोऱ्या बंदुकीचा बार काढत नाई. बापाची रीत हाये."

दसरा तोंडावर होता अन् डुकरं आमच्या सोयाबीनात घुसली. भाऊनं मालकाले संगं नेलं, डबा वाजवाले. म्हनाले, बंदूक नुसती धाकाले. पन एक डुक्कर सरळ मालकावरच आलं. तवा कुठली पूजा. भाऊनं नेम धरून चाप ओढला. टक् वाजलं, बस. परत ओढला. टक्. डुकरानं मालकाची मांडी फाडली. ह्याच खाटेवर टाकून त्यायले राजुऱ्याले नेलं. पाय राह्यला, पन औत सुटलं. मंग औतबी मीच धरलं.

दुकानदारानं बंदूक दुरुस्त करून देल्ली, तरी टक्च. भाऊच्या खिशात त्या दिवशीचं न फुटलेलं काडतूस कायम राहे. अंगठा फिरवत दाखवत, "पाहा, काडतुसाच्या बुडाच्या टोपीले बंदुकीचा टोचाच नीट लागला नाई."

म्या म्हनलं, "मंग बंदूकच खोटी, भाऊ. तुमचा काय दोष?"

"बंदूक खोटी, हे खरं. पन एक बार काढला असता तं घरीच कळलं असतं. ते माह्यं."

दरसाल ते पयले आमचं वावर वखरत, मंग सोताचं. मालक चिडवत, "लंगडा मी, अन् खाली तुमी काऊन बसता?" भाऊ हसत नोते. मले वाटते, म्याच कधी हाताले धरून त्यायले वर बसवाले पाह्यजे होतं.

औंदा उन्हाळ्यात आमच्याच वावरात वखरता वखरता भाऊ पडले. लोकायनं उचलून आमच्या घरी आनलं अन् त्याच खाटेवर टाकलं. "उतरवा मले, वयनी," एवढंच बोलले. मालकानं छातीवर हात ठेवला, "निजा न भाऊ, तुमचीच हाये."

गाडी येईस्तोवर जीव गेला. तवरिक त्यायचा एक हात खाटेखाली लोंबून भुई चाचपून राह्यला होता.